उजनी भरली म्हणजे किती भरली?

२०२४ च्या जून महिन्याच्या तोंडावर सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही पारावर एकच बोलणे होते : "उजनी वजा साठ टक्क्यांवर गेली." पुढे दोन महिने झाले नाहीत तोच, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, त्याच पारावर पेढे वाटले गेले. धरण शंभर टक्के भरले होते. कुणी विहिरीला नारळ वाहिला, कुणी उसाचे बेणे सांगून ठेवले.

आता मंडळी, वजा साठ टक्के म्हणजे काय? रांजणात पाणी वजा कसे असेल? एक तर असते, नाही तर नसते. हा प्रश्न मला शिवारफेरीत पुष्कळदा विचारला जातो आणि तो अगदी रास्त आहे. याचे उत्तर नीट समजले तर आपल्या रानात किती ऊस ठेवावा आणि किती मोडावा, हे बरेचसे उमगते. म्हणून आधी धरणाकडे जाऊ, मग रानात येऊ.

भीमा नदी भीमाशंकरला उगम पावते. इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड या नद्यांना पोटात घेऊन ती दौंडवरून खाली येते. माढा तालुक्यात उजनी गावाजवळ तिला अडवले आहे. धरण पुरे झाले १९८० साली. भिंत सुमारे अडीच किलोमीटर लांब असून तिला ४१ दरवाजे आहेत. भिंतीमागे जो जलाशय झाला त्याला यशवंतसागर असे नाव दिले आहे, पण बोलताना सगळे 'उजनी'च म्हणतात. माढा, करमाळा, इंदापूर, दौंड आणि कर्जत अशा तालुक्यांच्या शिवारांत त्याचे पाणी शिरलेले आहे.

या धरणाची एक गंमत आहे. ते भरते ते आपल्या पावसाने नव्हे. सोलापूर जिल्ह्यात वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, तोही लहरी. पाणी येते ते मावळातले आणि सह्याद्रीच्या माथ्यावरचे. वरची खडकवासला, पानशेत, वरसगाव, पवना, चासकमान, डिंभे ही धरणे भरली आणि त्यांचे दरवाजे उघडले की आपल्याकडे खरी आवक सुरू होते. म्हणून करमाळ्याचा शेतकरी जुलै महिन्यात आभाळाकडे कमी आणि दौंडच्या विसर्गाच्या आकड्याकडे जास्त पाहतो. रान कोरडे ठणठणीत, पेरणी खोळंबलेली आणि धरणात मात्र रोज हातभर पाणी चढते आहे, असा देखावा इकडे नवा नाही.

हा दौंडचा आकडा घरच्या घरी कसा मोजावा ते सांगतो, पोराबाळांकडून करून घ्या. दौंडला दहा हजार क्युसेकने पाणी चोवीस तास वाहिले तर धरणात सुमारे ०.८६ टीएमसी येते, म्हणजे दीड टक्क्याहून थोडे अधिक. एक लाख क्युसेक चोवीस तास टिकले तर साडेआठ टीएमसीच्या वर, म्हणजे एका दिवसात सोळा टक्के. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. लिटरच्या भाषेत दोन हजार आठशे कोटी लिटरांहून जास्त.

आता वजाचा उलगडा. पूर्ण भरल्यावर उजनीत ११७ टीएमसीच्या आसपास पाणी असते. त्यातले ६३.६६ टीएमसी हा मृतसाठा आणि ५३.५७ टीएमसी हा उपयुक्त साठा. टक्के मोजतात ते फक्त उपयुक्त साठ्याचे. मृतसाठा संपेपर्यंत उपसला नाही, पण उपयुक्त साठा संपला, तर तो आकडा शून्य. त्याखाली उपसा चालू राहिला की वजा. म्हणजे शून्य टक्के असतानाही धरणात ६३ टीएमसी पाणी असते आणि वजा साठ टक्के असताना साधारण साडेएकतीस टीएमसी. पावसाळ्यात धरण १११ टक्क्यांपर्यंतही भरून घेतात, तेव्हा एकूण पाणी १२३ टीएमसीवर जाते.

मृतसाठा हा उपयुक्त साठ्यापेक्षा मोठा, अशी मोठी धरणे आपल्याकडे थोडी. म्हणून पुष्कळांना वाटते, "तळाशी एवढे पाणी आहे, काळजी कशाची?" इथेच गफलत होते. पाणी जसजसे खाली जाते तसतसा कालव्याचा जोर कमी होतो आणि पुढे ते कालव्याला चढतच नाही. उरते ते नदीतून सोडायचे किंवा मोटरी लावून उचलायचे. शिवाय धरण झाल्यापासून येणारा गाळ तळाशी बसतो आहे. त्याने अडवलेली जागा आकड्यात पाणी म्हणून दिसते, मोटर लावली की चिखल येतो. वरून उन्हाचा हिस्सा वेगळाच. आपल्याकडे उघड्या जलाशयावरून वर्षाला दीड-दोन मीटर पाण्याचा थर वाफ होऊन जातो. उजनी उथळ आणि पसरट असल्यामुळे तिला ही झीज जास्त लागते.

या पाण्यावर हक्क सांगणारे किती, तेही पाहा. उजवा कालवा पंढरपूर, सांगोला, मंगळवेढ्याकडे जातो. डावा मोहोळ, सोलापूरकडे. भीमेचे पाणी सीनेत नेणारा जोड बोगदा आहे. दहिगाव, सीना-माढा, बार्शी, आष्टी, शिरापूर, एकरुख अशा उपसा योजना आहेत. सोलापूर शहराची आणि नदीकाठच्या गावांची तहान आहे. कारखाने आहेत. आणि जलाशयाच्या काठाने मोटरी टाकून बसलेले हजारो शेतकरी आहेत. २०२१ साली इंदापूर तालुक्यासाठी पाच टीएमसी पाण्याचा आदेश निघाला तेव्हा सोलापूर जिल्हा पेटून उठला आणि महिन्याभरात तो आदेश मागे घ्यावा लागला. कोण बरोबर, कोण चूक यात मी पडत नाही. पण काठावरचा शेतकरी आणि कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी एकमेकांकडे चोरासारखे पाहू लागतात, हे पाहून वाईट वाटते. दोघांच्याही घरी लेकरे आहेत आणि दोघांच्याही नावावर सोसायटीचे कर्ज आहे.

काठावरच्या माणसांबद्दल एक गोष्ट शेपटाकडच्या वाचकांनी लक्षात ठेवावी. आज जिथे पाणी आहे तिथे त्यांची गावे होती. भीमाकाठची काळीभोर, गहू-ज्वारीची जमीन होती. उन्हाळ्यात धरण उतरले की पळसदेवचे पळसनाथाचे जुने देऊळ उघडे पडते, डिकसळचा इंग्रजांच्या वेळचा पूल पायापर्यंत दिसू लागतो. शहरातली मंडळी फोटो काढायला येतात. एका म्हातारीला मी त्या वेळी काठाशी उभी पाहिली होती. नातवाला हात करून सांगत होती, "तो दगडांचा ढीग दिसतो ना, तिथं आपली चूल होती. आन् त्याच्या म्होरं गोठा." नातू म्हणाला, "आज्जे, तिथं तर नुसता चिखल हाय." म्हातारी हसली. तिच्या घरच्यांना मोबदल्यात मिळालेली जमीन पुष्कळ लांब होती आणि तिथे पाणी यायला आणखी बरीच वर्षे गेली. ज्यांच्या चुलीवर हे पाणी उभे आहे त्यांनी काठावर मोटर टाकली तर त्यांना नुसते चोर म्हणून चालणार नाही. आणि त्यांनीही 'आमचेच पाणी' म्हणून पाट भरून ऊस भिजवावा, असेही नाही.

उसाचा जुगार

आता रानात येऊ. सुरू उसाला पाटाने पाणी दिले तर पूर्ण हंगामात साधारण २५० सेंटिमीटर पाणी लागते. एकराला हे एक कोटी लिटर झाले. या हिशेबाने एक टीएमसी पाण्यात जेमतेम अठ्ठावीसशे एकर ऊस निघतो, तोही वाटेत थेंब न गळता. हरभऱ्याला याच्या दहावा हिस्सा पाणी पुरते. ऊस लावू नका, असे मी म्हणणार नाही. म्हटले तरी कुणी ऐकणार नाही. उसाला हमखास गिऱ्हाईक आहे, वाऱ्या-पावसात तो उभा राहतो, पोरीच्या लग्नाला कारखान्याचे बिल कामी येते. हे सगळे मला ठाऊक आहे. माझे म्हणणे लागणीच्या वेळेबद्दल आहे.

आडसाली ऊस आपण जुलै-ऑगस्टमध्ये लावतो. त्याचा उतारा चांगला म्हणून ओढा तिकडे. पण त्या वेळी धरण किती भरणार हे कुणालाच ठाऊक नसते. धरणाच्या पाण्याचा हिशेब पक्का होतो तो १५ ऑक्टोबरला. म्हणजे आडसाली लावणारा पत्ते वाटायच्या आधीच पैसे लावतो. २०२३ साली हेच झाले. पावसाने ओढ दिली, उजनी पुरती भरली नाही, आणि २०२४ च्या जानेवारीतच ती वजात गेली. फेब्रुवारीपासून मे संपेपर्यंत पुढचे चार महिने कमरेएवढा ऊस उन्हात उभा होता. ज्यांची विहीर साथीला होती ते तरले. ज्यांचा सगळा भरवसा आवर्तनावर होता त्यांनी ऊस चाऱ्याला विकला.

म्हणून ज्यांना स्वतःची विहीर वा बोअर नाही त्यांनी आडसालीचा मोह सोडावा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर्वहंगामी लावण करावी. धरण किती भरले ते तोवर कळलेले असते, त्या मापाने क्षेत्र ठरवता येते. उतारा थोडा कमी बसेल, पण वाळलेल्या आडसालीपेक्षा उभी पूर्वहंगामी केव्हाही बरी. पावसाळ्यात त्या रानात उडीद किंवा सोयाबीन निघते, ते वेगळेच. आणि खोडवे किती राखायचे, हेही त्याच वेळी ठरवा. दुसरे-तिसरे खोडवे ओढत नेण्यात पाणी वाया जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

उभ्या उसाला पाणी कमी पडू लागले तर काय? पाचट जाळू नका, हे पहिले. एकरी तीन-चार टन पाचट निघते. ते सरीत दाबले की जमिनीची वाफ अडते आणि दोन पाळ्यांमधले अंतर वाढवता येते. पाटपाणी असेल तर एक आड एक सरी भिजवा. पानांवर दोन टक्के युरिया आणि दोन टक्के म्युरेट ऑफ पोटॅश यांची फवारणी पंधरा-वीस दिवसांनी करा. पोटॅशमुळे पीक ताण सोसते. आणि ठिबक असेल तर तेवढ्याच पाण्यात निम्म्याच्या आसपास क्षेत्र जास्त भिजते. मात्र ठिबक बसवून पुन्हा पाटानेही भिजवणारे महाभाग मी पाहिले आहेत, त्यांना काय सांगावे!

पाणी भरपूर असते तेव्हाही एक दुखणे असतेच. कालव्याच्या वरच्या भागात वर्षानुवर्षे पाट सोडून देण्याने काळ्या जमिनी चोपण होत चालल्या आहेत. वरवर पांढुरके मीठ फुटते, वाफसा येत नाही, ऊस पिवळा पडतो. त्याला खत टाकून उपयोग नाही. आधी चर काढून पाण्याला वाट द्यावी लागते, मग मातीचा अहवाल पाहून जिप्सम, त्यानंतर धैंचा-तागासारखे हिरवळीचे खत. वरच्याने जमीन बिघडवायची आणि खालच्याने पाण्यावाचून बसायचे, असा हा दुहेरी तोटा आहे.

हिरवे पाणी

उजनीचे पाणी उन्हाळ्यात हिरवेगार दिसते, काठाशी त्याला वासही येतो. मुळा-मुठेतून पुण्याकडचे सांडपाणी येते, कारखान्यांचे येते, आणि आपल्या उसाच्या रानांतली खतेही वाहून तिथेच जातात. या खाण्यावर शेवाळ माजते, जलपर्णी पसरते. घरातल्या बायामाणसांसाठी हे जरूर सांगितले पाहिजे : शेवाळाची हिरवी साय आलेले पाणी पिण्यास वा स्वयंपाकास घेऊ नये. नुसते उकळून जंतू मरतात, पण काही शेवाळांतले विष उकळण्याने जात नाही. पिण्यासाठी तपासलेल्या नळाचे किंवा बोअरचेच पाणी भरा. गुराढोरांनाही त्या साईपाशी पाणी पाजू नका. जनावर काठाला गेलेच तर साय नसलेल्या जागी न्या.

हेच शेवाळ ठिबकच्या नळ्या बुजवते. काठावरून पाणी घेणाऱ्यांनी वाळूची गाळणी बसवलीच पाहिजे, नुसत्या जाळीच्या गाळणीने भागत नाही. गाळणी दर दोन दिवसांनी उलट्या प्रवाहाने धुवा, नळ्यांची टोके आठवड्याला उघडून पाणी वाहू द्या. शेवाळासाठी क्लोरिन आणि क्षार साचले असतील तर आम्ल अशी प्रक्रिया करतात. परंतु ही दोन्ही एकाच दिवशी, एकाच टाकीत कधीही करू नका. दोन्ही एकत्र आली की विषारी वायू निघतो आणि कोंडलेल्या जागी माणूस दगावू शकतो.

या जलाशयाने दिलेलेही पुष्कळ आहे, ते सांगितले नाही तर अन्याय होईल. कंदर आणि आजूबाजूच्या गावांची केळी परदेशी जातात. हिवाळ्यात भिगवण, कुंभारगावकडे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि ते पाहायला येणाऱ्यांना नावेतून फिरवून कोळी-भोई घरांतल्या पोरांना चार पैसे मिळतात. भिगवणचा मासळी बाजार नामांकित आहे. कटला, रोहू, मृगळ, मरळ, वाम सगळे मिळते. मात्र अलीकडे चिलापीच चिलापी. जुने मच्छीमार म्हणतात, "जाळं वर काढलं की चिलापीशिवाय दुसरं काही दिसत नाही." बारीक आसाच्या जाळ्यांनी बोटाएवढी पिल्ले ओढून काढली तर पुढच्या वर्षी मोठा मासा येणार कुठून? शेतकरी बेणे खात नाही, मच्छीमारानेही खाऊ नये.

पाणी उतरल्यावरची जमीन

पाणी मागे सरते तशी गाळाची जमीन उघडी पडते. ही जमीन जलसंपदा खात्याची, ती गाळपेरीसाठी हंगामापुरती देतात. कागद केल्याशिवाय पेरू नका, नाही तर पीक काढणीला आल्यावर भांडण उभे राहते. या जमिनीत ओल खोलवर असते. हरभरा, ज्वारी, चाऱ्याचा मका, पुढे कलिंगड-खरबूज विनापाण्याची किंवा एखाद्या पाण्यावर येतात. रासायनिक खत आणि कीटकनाशक इथे वापरू नये. जूनमध्ये तीच माती पाण्याखाली जाणार आणि तेच पाणी कुणाच्या तरी माठात येणार.

गाळ उचलून रानात नेणाऱ्यांसाठी दोन शब्द. मुरमाड, हलक्या रानाला गाळ म्हणजे सोने. पण जी जमीन आधीच भारी, निचरा न होणारी आहे तिच्यात गाळ टाकला तर दुखणे वाढते. गाळाचा नमुना तपासून घ्या, पातळ थर पसरा, एक उन्हाळा तापू द्या आणि मग नांगरा.

पाणी उतरते तेव्हा मोटरी मागे मागे न्याव्या लागतात. पाइपला पाइप जोडत, केबल ओढत, चर खणत माणसे पार पात्रात उतरतात. वीज दिवसातून थोडे तास असते, ती कधी येईल याचा नेम नाही, म्हणून रात्री-अपरात्री चिखलातून जायचे. केबलला जोड असेल तर तो पाण्यात किंवा चिखलात पडू देऊ नये. काठ्या रोवून उंच टांगावा. मोटर हलवताना खालचा स्विच बंद केला एवढ्यावर थांबू नका, खांबावरचा फ्यूज काढून खिशात घाला. एकट्याने कधी जाऊ नका, आणि पोरांना तर पाठवूच नका.

नावेचेही तेच. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली नाव वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. त्यांत लहान मुले होती. रस्त्याने गेले तर मोठा वळसा पडतो म्हणून काठावरची माणसे नावेने जातात, हे समजते. पण एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचे वारे केव्हा सुटेल सांगता येत नाही, आणि पसरट पाण्यावर लाटा उठायला दहा मिनिटे पुरतात. जायचेच तर सकाळी जा. नावेत माणसागणिक तरंगते जाकीट असल्याखेरीज बसू नका, नावाडी ओळखीचा असला तरी.

पावसाळ्यात चिंता उलटी. धरण भरले की जादा पाणी भीमेत सोडतात. धरणाच्या खाली नीरा-नरसिंहपूरला नीरा येऊन मिळते, तिच्यात वीर धरणाचे पाणी असते. म्हणून पंढरपूरच्या पुराचा अंदाज नुसत्या उजनीच्या आकड्यावरून बांधू नये, वीरचा आकडाही विचारावा. २०२० च्या ऑक्टोबरात मोठा पाऊस आणि धरणांचे पाणी एकदम आले तेव्हा पंढरपुरात पाणी शिरले होते. नदीकाठी ज्यांच्या मोटरी आहेत त्यांनी विसर्गाची दवंडी किंवा मोबाईलवरचा निरोप येताच आधी मोटर आणि स्टार्टर वर काढावे, जनावरे सोडून उंचावर न्यावीत, आणि कडब्याची गंज काठापासून आधीच दूर रचलेली असावी.

१५ ऑक्टोबरनंतर कालवा सल्लागार समितीची बैठक होते आणि रब्बी-उन्हाळी आवर्तने ठरतात. आपल्या पाणी वापर संस्थेमार्फत पाणीमागणीचा अर्ज तोपर्यंत भरून ठेवा. सातबाऱ्यावरची पीकपाहणीची नोंद, मागणीचे क्षेत्र आणि प्रत्यक्ष उभे पीक ही तिन्ही जुळत असली पाहिजेत. थकलेली पाणीपट्टी असेल तर तीही त्याच वेळी चुकती करा आणि पावती जपून ठेवा.